चावी काढल्यानंतरचा आवाज

यंदा आधी पिकणारं हळवं भात आणखीच लवकर निघालं. खालापूरच्या बाजूला रस्त्याकडेची जी थोडीफार शेतं अजून शेतं म्हणून उरली आहेत, त्यांत आता कापलेल्या भाताची खुंटं दिसतात आणि मधूनमधून उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताचे हिरवट-पिवळे पट्टे. शिळफाट्याला आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. मिस्टर रेक्झिन कापतात, मी शिवते. नवरात्र बसलं की आम्हाला उसंत नसते. दसऱ्याला गाडी नटलेली असावी असं प्रत्येक ट्रकवाल्याला वाटतं. कोणाला लाल झालर हवी, कोणाला काचेवरचे गोंडे, कोणाला झोपायच्या फळीपुढे नवा पडदा.

या नवरात्रात एका दुपारी एक जुना दहाचाकी ट्रक दुकानासमोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून समोर चहाला गेला. जुन्या गाड्यांच्या ड्रायव्हरांची ही सवयच असते. नव्या गाड्या उभ्या राहिल्या की कळतही नाही. जुन्या गाडीचं इंजिन मात्र उभ्या जागी धडधडतं, त्याच्याबरोबर आमच्या शटरचे पत्रे वाजतात, बरणीतली बटणं थरथरतात. मला त्याची सवय आहे. मी शिवत होते. आणि मधेच त्या इंजिनाचा आवाज चढला. आत बसलेल्या कोणीतरी उगाच रेस दाबली असणार, दुसऱ्या क्षणी आवाज खाली आलाही.

पण तेवढ्यात मी दुकानाच्या मागच्या दाराशी पोचले होते. मशीनवरून कधी उठले, टेबलाला वळसा कधी घातला, काही आठवत नाही. हातात कात्री होती. मिस्टर टेपवरून मान वर करून म्हणाले, "अगं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि परत येऊन बसले.

इतकी वर्षं झाली. अंगाला अजून पटलेलं नाही की तो दिवस संपला.

माझा थोरला भाऊ बबन, आम्ही त्याला दादाच म्हणतो, एका जुन्या ट्रकचा मालक होता आणि ड्रायव्हरही. भागीदारीत. दुसरा भागीदार इक्बालभाई, खोपोलीचे. त्यांचे वडील किनाऱ्याकडून येऊन इथे स्थिरावले होते. दोघांची गाठ एका कारखान्याच्या गेटवर, माल भरायच्या रांगेत पडली आणि मग ती सुटलीच नाही. खोपोलीतून लोखंडी माल भरायचा आणि खाली जायचं, हुबळी, दावणगेरे, कधी कोईमतूर. येताना मिळेल तो माल. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मागच्या फळीवर पडदा ओढून झोपायचं. दादा म्हणायचा, "इक्बाल चालवतो तवा मला घरच्यापेक्षा बरी झोप लागते." इक्बालभाई म्हणायचे, "आन् ह्यो चालवतो तवा मी कलमा म्हणून झोपतो." मग दोघंही हसायचे. गाडी दोघांचीही होती, पण इंजिन दादाचं होतं. त्याचा जीव त्या इंजिनात होता.

ती गाडी घेतली तेव्हाच जुनी होती. पण तिचं इंजिन साधं, सगळं लोखंडाचं आणि तारांचं. बिघडलं तर कुठल्याही ढाब्यावर पाने काढून बसता यायचं. डिझेलच्या नळीत हवा धरली तर दादा नट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचा, फेस येणं थांबून डिझेलची सरळ धार आली की नट आवळायचा आणि सेल्फ मारायचा. थंडीच्या सकाळी ती एका फटक्यात चालू व्हायची नाही. दादा खाली उतरून तिच्या बॉनेटवर थाप मारायचा, "चल गं, ऊन आलंय." वहिनी, म्हणजे दादाची बायको शोभा, दारातून बघत असायची. एकदा मला म्हणाली, "मला कदी उटवलं नाय हो असं."

घाटाचं तर काय सांगू. भरलेली गाडी घेऊन बोरघाट उतरताना दादा ब्रेकला फारसा पाय लावायचाच नाही. खालचा गियर टाकला की ते इंजिनच गाडीला मागे ओढून धरायचं. उतारभर एक घुमणारा आवाज. खाली खोपोलीत आम्हाला तो ओळखू यायचा. माझ्या मनात तेव्हापासून इंजिन म्हणजे धरून ठेवणारी वस्तू. माणसांना खाली पडू न देणारी.

त्या वर्षी कोईमतूरहून परत आल्यावर गाडी थोडा निळा धूर टाकत होती. दादाच्या लक्षात आलं होतं. ऑइलही जरा जास्त खात होती. टर्बो खोलून बघायला हवा, असं तो इक्बालभाईंना माझ्यासमोर म्हणाला. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा भोवरा. तो फिरतो इंजिनाच्याच ऑइलवर. इक्बालभाई म्हणाले, "दिवाळी होऊंदे, मग खोलू." दादा म्हणाला, "होऊंदे." जुन्या गाडीत सतत काहीतरी दिवाळीनंतर बघायचं असतंच. त्या दोघांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

दसऱ्याचा तो दिवस इतका स्वच्छ होता की अजून आठवतो. आकाशात ढगाचं नाव नव्हतं. हवेत कापलेल्या भाताचा तो वास, थोडा ओला, थोडा उन्हानं भाजलेला. आमच्या माहेरच्या घरासमोर खळं सारवून तयार होतं. घराच्या एका अंगाला पेंढ्याची उडवी रचलेली, दोन माणसं उंचीची. गाडी दादानं मागे मागे घेत खळ्यावर लावली होती. तिचा धुराचा पाइप उडवीच्या बाजूला आणि तोंड शेतांकडे. समोर छोटा बांध, आणि बांधापलीकडे हिराकाकूंचं शेत. हिराकाकू आमच्या शेजारच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं गरवं भात अजून उभं होतं, लोंब्या नुकत्या वाकायला लागलेल्या, खाली चिखल.

गाडीला झेंडूच्या माळा, काचेवर हळदकुंकू, नंबरप्लेटला भाताच्या लोंब्या आणि आंब्याचा टाळा. आमच्याकडे दसऱ्याला नवं, म्हणजे नव्या भाताचं तोरण, बांधतात, दाराला बांधतात तसंच गाडीलाही. इक्बालभाई सहकुटुंब जेवायला आले होते, दर दसऱ्याला यायचे. त्यांची बायको रेहाना माझ्याबरोबर पानं लावत होती. त्यांची मुलगी सना तेव्हा पहिलीत. आमची, शेजारची आणि ती, अशी पोरांची एक टोळी गाडीत वरखाली करत होती.

पूजा झाली. नारळ फोडला. दादानं सेल्फ मारला आणि इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा खाली उतरून खोबरं वाटायला लागला. गाडी आपली चालू, ब्रेकसाठी हवा भरत होती. पोरं केबिनमध्ये.

मग आवाज चढला.

दादानं मान वर केली. "कोण हाय रं पायाशी? रेस सोड!"

"मी नाय दाबली, मामा!" केबिनमधून माझाच मुलगा ओरडला.

आवाज चढतच राहिला. एवढी वर्षं दुकानात बसून मी हजारो इंजिनं ऐकली आहेत. इंजिन चढतं तेव्हा कुठेतरी जाऊन थांबतं, त्याची एक हद्द असते, आणि कानाला ती आधीच ठाऊक असते. त्या दिवशी ती हद्द आली आणि गेली. इंजिन पुढे चढत राहिलं. मागून पांढरानिळा धूर असा लोटला की उडवी दिसेनाशी झाली. अंगणातली कोंबडी आधी पळाली, माणसं मागून.

दादा उडी मारून केबिनमध्ये चढला. त्यानं इंजिन बंद करायची तार ओढली. ती ओढली की डिझेल तुटतं, इंजिन बंद होतं, हे गाडीवाल्यांच्या घरातलं लहान पोरही सांगेल. काही झालं नाही. त्यानं पुन्हा ओढली. मग चावी फिरवली आणि काढली. काढून त्यानं ती खिडकीतून आम्हाला दाखवली. का दाखवली ते त्यालाही ठाऊक नसेल. उघड्या तळव्यावर चावी, आणि पाठीमागे इंजिन किंचाळतंय. दादाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. समोर काय चाललंय ते समजतच नसल्याचा, कोरा चेहरा होता तो. मी माझ्या भावाला असं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर खोपोलीच्या मिस्त्रीनं इंजिन खोलल्यावर सांगितलं ते असं: टर्बोचं सील फुटलं होतं. त्यातून इंजिनाचं स्वतःचंच ऑइल हवेबरोबर आत ओढलं जात होतं आणि इंजिन त्यावर धावत होतं. डिझेल तोडून काय होणार? त्याला डिझेल नकोच होतं. जितकं जोरात फिरेल तितकं जास्त ऑइल आत येणार, आणि जितकं ऑइल येईल तितकं ते जोरात फिरणार. असं होऊ शकतं हे गाडीवाल्यांना ऐकून माहीत असतं. पण ऐकलेलं आणि अंगणात उभं राहिलेलं यांत फार फरक आहे.

"पोरं! आधी पोरं काढ!" दादा ओरडला. इक्बालभाई दुसऱ्या दारानं वर चढले आणि एकेका पोराला बखोटीला धरून खाली माझ्याकडे देत गेले. मी झेलत गेले. माझा मुलगा, शेजारचे दोघं. केबिन रिकामी झाली. इक्बालभाईंनी आत नजर फिरवली, सीट रिकामी होती, आणि ते उतरले. मग खळ्यावरचं गोणपाट उचलून बॉनेटकडे धावले. हवा आत जायची वाट बुजवली की इंजिन गुदमरून बंद पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण बॉनेटच्या फटीतून गरम ऑइलचे शिंतोडे उडत होते. ते दोनदा पुढे गेले आणि दोनदा तोंडावर हात घेऊन मागे आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा गोणपाट नीट बसायच्या आतच हातातून सुटलं.

आणि धुराच्या पाइपातून ठिणग्या यायला लागल्या. भर दुपारच्या उन्हातही त्या दिसत होत्या. बाजूला पेंढ्याची उडवी. उडवीला लागून घर. घरात चूल पेटलेली, आणि पडवीवर कोपऱ्यात भरलेला सिलिंडर.

दादानं उडवीकडे पाहिलं, घराकडे पाहिलं. उजवीकडे रस्ता होता, पण रस्त्यावर बघ्यांची गर्दी झाली होती. मग त्यानं समोर पाहिलं. हात हलवत ओरडला, "समोरनं बाजूला व्हा! सगळी बाजूला व्हा!" आवाज आमच्यापर्यंत आला नाही, ओठ दिसले. तो सीटवर बसला. गियरचा करकराट मात्र एवढ्या कल्लोळातही ऐकू आला. आणि गाडीनं जी झेप घेतली, तशी झेप घेताना मी इतकं मोठं काहीही पाहिलेलं नाही. झेंडूच्या माळा मागे उडत, खोबऱ्याचं ताट चिरडत, ती सरळ बांधाकडे सुटली.

तेवढ्यात माझ्या मुलानं रेहानाचा दुपट्टा ओढला. तो काहीतरी सांगत होता. आवाजात काही ऐकू येत नव्हतं. त्यानं बोट केलं गाडीकडे, मग दोन्ही हातांनी पडदा ओढल्याची खूण केली. पोरं लपाछपी खेळत होती. सना झोपायच्या फळीवर, पडद्यामागे लपली होती.

रेहानाचं तोंड उघडलं. ती ओरडत होती, मला तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, पण आवाज नव्हता. शेजारी उभी असून मला काही ऐकू येत नव्हतं. इक्बालभाईंनी तिच्याकडे पाहिलं, आमच्या पोरांकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. ते धावत सुटले.

गाडी बांधावरून उडाली. खालच्या शेतात आदळली, तरी थांबली नाही. उभं भात दोन्हीकडे कापत पुढे जात राहिली आणि मग चिखलानं तिला धरलं. मागची चाकं फिरत होती, चिखलाचे फवारे पार आमच्या खळ्यापर्यंत येत होते, पण गाडी खाली खाली बसत होती. इंजिनानं दोन-चार आचके दिले. आणि बंद पडलं.

आवाज थांबला तेव्हा रेहानाची किंकाळी मधेच होती. अर्धी आम्ही ऐकलीच नव्हती. उरलेली अर्धी त्या शांततेत एकदम ऐकू आली. मी आयुष्यात बरेच आवाज विसरले, तो नाही विसरले.

आम्ही सगळे चिखल तुडवत धावलो. दार इक्बालभाईंनी उघडलं होतं. दादा स्टेअरिंगवर पडलेला, शुद्धीत, छातीला हात धरून. नंतर कळलं, दोन फासळ्या मोडल्या होत्या. इक्बालभाई त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्याच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी मागचा पडदा ओढला.

पडदा मीच शिवला होता, निळा, चांदण्यांचा. तो सरकला आणि मागे सना बसलेली, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही कान हातांनी दाबून, डोळे सताड उघडे. इक्बालभाईंनी तिला दादाच्या खांद्यावरून उचलून बाहेर घेतलं. तिचा पाय दादाच्या गालाला लागला. दादानं मान वळवून पाहिलं.

"ही... ही कुटनं आली?" तो म्हणाला.

त्याला कळताना आम्ही पाहत होतो. फासळ्या मोडल्यावर जो माणूस कण्हला नव्हता, त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की वहिनीनं पुढे होऊन त्याचं तोंड आपल्या पोटाशी धरलं.

सनाला काही झालं नव्हतं. गादीच्या आणि भिंतीच्या बेचक्यात ती घट्ट बसली होती. दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "मी झोपले होते. धक्का बसला तेव्हा उठले." या एका वाक्याचा आम्हा सगळ्यांना केवढा आधार वाटला! बरं झालं, पोर झोपेत होती. तिनं काही पाहिलं नाही.

धक्का बसलेली माणसं काय करतात ते मी त्या दिवशी पाहिलं. वहिनी दादाबरोबर दवाखान्यात जाताना वाटेत भेटेल त्या माणसाला थांबवून सांगत होती की वरणाला फोडणी द्यायची राहिलीय. रेहाना सनाला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या केसांतून एकेक भाताचं पान काढत होती, काढून नीट एका बाजूला ठेवत होती, जणू ती पुढे कामाला येणार आहेत. माझ्या हातात कोणाची तरी एक चप्पल होती. संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडेच होती.

आणि हिराकाकू. त्या गावात दुसऱ्या घरी गेल्या होत्या. आल्या, तर त्यांच्या उभ्या भातात झेंडूच्या माळा घातलेला ट्रक. वर्षाचं भात. मला वाटलं, आता त्या तोंड सोडणार, आणि सोडलं तर सोडोत. त्या बांधावर उभ्या राहिल्या, शेताकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाल्या, "पोरं समदी हायत ना गं?"

"हायत," मी म्हटलं.

"मोजलीस?"

"मोजली."

मग त्या तिथेच बांधावर बसल्या.

दुसऱ्या दिवशी अख्खी आळी त्या शेतात उतरली. आडवं झालेलं भात उचलून, धुऊन, जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. इक्बालभाईंचे घरचे लोकही आले होते, चिखलात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. उरलेली तूट दादानं आपल्या भातातून काकूंच्या घरी पोचवली. त्या नको म्हणत होत्या, त्यानं ऐकलं नाही.

गाडी क्रेन लावून काढली. इंजिन आतून पार वाकून गेलं होतं. पुन्हा बांधता आलं असतं, मिस्त्री म्हणाला होता. पण दादा त्या गाडीजवळ परत गेला नाही. त्या गाडीच्याच नव्हे, कुठल्याच. फासळ्या भरून आल्या, इक्बालभाईंनी दोनदा-तीनदा विचारलं, "बबन, चल की रं. नवी गाडी बघू, हप्त्यावर." दादा म्हणायचा, "तू जा." शेवटी गाडी भंगारात गेली आणि इक्बालभाई दुसऱ्याच्या नव्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागले. ती गाडी सगळी कॉम्प्युटरवर. बिघडली तर फोन करून माणूस बोलवायचा, आपण हात लावायचा नाही. इक्बालभाई अजून तक्रार करतात, पण थोडीच. मी विचारलं होतं एकदा, "तीही अशी सुटू शकते का हो?" ते म्हणाले, "टर्बो हाय तिथं ऑइल हाय, ताई. पण मी निळा धूर बघितला की गाडी जागेवर उभी करतो. मग मालक कायबी बोलो."

दादा शेतात रमला, असं लोक म्हणतात. मी नाही म्हणत. तो राबतो, हिराकाकूंचं शेतही तोच बघतो आता, त्या थकल्यात. पण कित्येक वर्षं मला एक गोष्ट दिसत होती. इक्बालभाईंचं कुटुंब दसऱ्याला येतच राहिलं, खंड पडला नाही. ती माणसं आली की दादा हसून बोलायचा, इक्बालभाईंच्या पाठीत थाप मारायचा. आणि सना समोर आली की काहीतरी निमित्त काढून घरात जायचा. पोर मोठी होत गेली, वेण्या गेल्या, चष्मा आला. दादानं तिच्याशी दोन वाक्यं सलग बोललेली मला आठवत नाहीत. एकदा मी त्याला छेडलं. तो म्हणाला, "मी तिला मारायला नेत होतो गं. मला ठावंबी नव्हतं. हेच डोक्यातनं जात नाय, की मला ठावंबी नव्हतं."

"पण ती झोपली होती ना दादा."

"तेवडंच," तो म्हणाला. "तेवडंच बरं झालं."

काल दसरा झाला. सना आता अकरावीला आहे. जेवणं व्हायची होती. दादा खळ्यावर बसून दारासाठी नवं बांधत होता, लोंब्या, आंब्याची पानं, सुतळी. मी बाजूला फुलं ओवत होते. सना आली आणि सरळ त्याच्यासमोर बसली. दादा उठायला लागला.

"बसा ना काका," ती म्हणाली. "मी आले की तुम्ही आत का जाता?"

दादा अर्धवट उठलेला तसाच राहिला. मग तो खाली बसला. हातातल्या सुतळीकडे बघत म्हणाला, "तू मागं व्हतीस. मला ठावं नव्हतं. ठावं असतं तर गाडी नसती नेली मी. घर जळलं असतं तरी नसती नेली." मग सुतळीची गाठ आवळत, "झोपली व्हतीस तेच बरं."

"मी जागी होते, काका."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

"आवाज वाढला तेव्हाच जागी होते. झोपलेच नव्हते. पडद्याच्या फटीतून बघत होते." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, शाळेतली एखादी गोष्ट सांगावी तशी. "तुम्ही रडत होता. ‘आये, पोरं वाचव, आये,’ असं माझ्या अगदी पुढ्यात मोठ्यानं म्हणत होता. मला वाटलं, आता मी हाक मारली तर काका दचकतील आणि स्टेअरिंग सुटेल. म्हणून कान दाबून गप्प बसले."

आमची आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दादानं तिचं नाव काढलेलं मी तर कधीच ऐकलं नव्हतं, तिच्या अंत्यविधीलाही तो रडला नव्हता.

शेवटी मीच विचारलं, "मग झोपले होते असं का गं सांगितलंस सगळ्यांना?"

"जागी होते म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, काय बघितलंस. मग काका रडले ते सांगावं लागलं असतं." ती खांदे उडवून म्हणाली. "ते मला बरं वाटेना."

तेव्हा सहा-सात वर्षांची होती ती. दवाखान्यातल्या खाटेवर, आजूबाजूला वाकलेली दहा माणसं, आणि त्या पोरीनं एका क्षणात हे ठरवलं होतं. इतकी वर्षं आम्ही सगळे तिच्या त्या एका वाक्यावर टेकून उभे होतो.

"आन् तू?" दादानं विचारलं. "तू कोनाला हाक मारलीस गं तवा? मनातल्या मनात तरी?"

सनानं चष्मा वर सरकवला. प्रश्नाचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

"मी कशाला मारू?" ती म्हणाली. "तुम्ही होता की पुढे."

दादा तिच्याकडे बघत राहिला. सरळ, डोळ्यांत. खालच्या शेतात वाऱ्यानं गरवं भात सळसळत होतं. घरातून वहिनीची हाक आली, पानं वाढलीत म्हणून. दादानं गुडघ्यावरची पानं झटकली आणि म्हणाला, "चल. आज माझ्या शेजारी बस जेवायला."